तवंग

यादीत बेचाळीसावा नंबर:
"वाडगा, काचेचा, एक. एमूचं चित्र."
एवढंच लिहिलंय कुणीतरी पेन्सिलीनं.
रंग लिहिलेला नाही, आणि बरंच झालं,
कारण मी उचलला तेव्हा तो जांभळा होता,
खिडकीपाशी नेला तर मोरपंखी,
आणि मग, शपथेवर सांगतो,
डबक्यावर डिझेल सांडावं
तसा त्याच्या अंगावर तवंग फिरला,
हिरवा, तांबूस, परत हिरवा,
कुठेही न टेकणारा.

मेरेडिनच्या पुढे चाळीस मैल.
शेत विकलंय, मेंढ्या गेल्यात.
तीन पिढ्यांचे पाने, हातोडे, बैलगाडीएवढे नांगर
गवतावर ओळीनं मांडलेत,
जणू पंगत बसलीय
आणि वाढायला कुणी येत नाहीये.
लोक गाड्या लावताहेत. सॉसेज भाजल्याचा वास.
स्वयंपाकघरात मी आणि बेरिल पास्को:
मी वर्तमानपत्रात एकेक भांडं गुंडाळतो,
ती गुंडाळलेलं परत सोडून बघते.

"हा आईनं पर्थहून टपालानं मागवला," ती म्हणते.
"भुशात पुरलेला आला. मी भुसा उकरत होते
आणि आत काहीतरी चमकलं.
बाबा त्या वर्षी एमू मारत होते.
सगळेच मारत होते.
पाऊस नव्हता, आतल्या मुलखातून ते शेकड्यांनी चालत यायचे,
कुंपण मोडून थेट गव्हात.
चोचीमागे पैसे मिळायचे.
बाबा पोतं आणायचे, ह्याच टेबलावर पालथं करायचे,
दहा-दहाचे ढीग लावायचे,
आणि मी वहीत रेघा मारायचे.
चार उभ्या, एक आडवी.
माझ्या रेघा फार सरळ यायच्या.
त्या पैशांतून पीठ आलं, रॉकेल आलं, माझे बूट आले,
आणि उरले त्यात हा."

मी वाडगा फिरवतो.
ज्यानं साचा कोरला त्यानं एमू
बहुधा जाळीमागेच पाहिला असावा:
पाय आखूड, मान थोडी बदकाची,
पण पिसं मात्र एकेक, जीव लावून.
लालभडक काच त्यात दाबली असेल,
गरम असतानाच धातूचं पाणी फवारलं असेल,
आणि एक पक्षी, जो जन्मभर धुळीच्याच रंगाचा असतो,
असा नवरीसारखा नटून बाहेर आला असेल.

"चोच कुठाय?" मी विचारतो.

नक्षी खालच्या अंगानं आहे. बोट फिरवलं तर तोंडाशी
खरखरीत लागतं. ओरखडे. पांढुरका डाग,
बुबुळात फूल पडावं तसा.

"कानशीनं," बेरिल म्हणते.
"सात वर्षांची होते. शेडमधून बाबांची कानस आणली,
वाडगा मांडीवर पालथा घेतला,
दुपारभर घासत बसले.
चोचच नाही म्हटल्यावर
मोजणार काय?"

आई बोलली नाही.
रात्री त्यातच डब्यातले पीच वाढले.
बाबा खात गेले, खात गेले, तळ दिसला,
चमचा जरासा थांबला.
मग दोन्ही हातांनी वाडगा उचलून
त्यांनी उरलेला पाक पिऊन टाकला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा बंदूक घेऊन गेले.
"जाणारच," बेरिल म्हणते. "खायला लागतंच की."

बाहेर एकानं छोटी बॅटरी मारून पाहिलं,
नख लावलं, तोंड वाकडं केलं.
चाळीस डॉलर. पंचेचाळीस. पंचेचाळीसला एकदा.
मी यादीत दोषाच्या रकान्यात लिहिलं: चोच नाही.
अक्षर किडमिडं आलं.

आता मी तो गुंडाळतोय, दुहेरी कागदात,
पावसाच्या अंदाजाचं पान आत येतंय.
ह्या वेळी बेरिल सोडून बघत नाही.
ती नळ सोडून कप विसळतेय,
आधीच विसळलेले.
कागदाच्या आतल्या अंधारात
तो आत्ता कोणत्या रंगाचा असेल,
विचारावंसं वाटतं. विचारत नाही.
त्रेचाळीसावा नंबर:
बरण्या, झाकणांसह, सहा.